लूज कॉन्टॅक्ट, खोटं तापमान आणि ‘ग्राउंड’ : ई-सिगारेटच्या एका सांध्याकडून मोजमापाचे धडे

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण काय करतो? दोन थपडा देतो, मग झाकण काढून सेल जागच्या जागी फिरवतो, आणि रिमोट चालू होतो. आमच्या गावाकडच्या घरी एक जुनी बॅटरी होती, ती मांडीवर आपटल्याशिवाय लागायचीच नाही. सेल चांगले, बल्ब चांगला, बिघाड काय तो दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी. आपण याला ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतो आणि विषय संपवतो.

संशोधनात मात्र विषय इथे सुरू होतो. थापट मारली की चालू होणारं यंत्र निदान सांगतं तरी, की माझ्यात बिघाड आहे. खरी अडचण आहे ती चालू असलेल्या, पण किंचित खोटं बोलणाऱ्या सांध्याची. आज त्याबद्दल लिहितेय. उदाहरण घेतलंय ई-सिगारेटचं, म्हणजे व्हेपिंग उपकरणाचं. शेवटी माझ्या स्वतःच्या सेटअपमध्ये काय झालं तेही सांगणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. त्यामुळे हे उपकरण माझ्या टेबलावर नाही. पण परदेशात त्याच्या वाफेत काय काय असतं यावर भरपूर संशोधन झालंय, आणि ते पेपर वाचताना मला जाणवलं की त्यांचा मोजमापाचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे: विजेने तापणारी एक छोटी तार, आणि तिचं खरं तापमान किती?

उपकरणात असतं काय?

एक लिथियम-आयन सेल, एक छोटा सर्किट बोर्ड, आणि तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल. कॉइलला कापसाची वात लावलेली असते, वातीत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं द्रावण. तार तापते, द्रावणाची वाफ होते. बस.

आपल्या कामाची गोष्ट म्हणजे बॅटरीचा भाग आणि कॉइलचा भाग एकमेकांना जोडणारा सांधा. सर्वांत जास्त वापरला जाणारा सांधा ‘५१०’ या नावाने ओळखला जातो. बाटलीच्या झाकणासारखे आटे असतात, कॉइलचा भाग फिरवून बसवायचा. मधोमध एक पिन, ती पॉझिटिव्ह. बाहेरचे आटे म्हणजे निगेटिव्ह. दोघांच्या मध्ये प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची एक छोटी रिंग.

म्हणजे करंटची परतीची वाट या आट्यांमधूनच जाते. मधल्या पिनला बहुधा स्प्रिंग असते, तिची काळजी सगळे घेतात. आटे बिचारे दुर्लक्षित. त्यांच्यात द्रावण झिरपतं, सुकून चिकट थर बसतो, धातूवर ऑक्साइड चढतं, वारंवार फिरवून आटे झिजतात.

दोन धातू खरंच टेकतात का?

डोळ्यांना दोन सपाट पृष्ठभाग टेकलेले दिसतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पृष्ठभाग म्हणजे डोंगरदऱ्या. प्रत्यक्ष स्पर्श होतो तो मोजक्या शिखरांवर. सगळा करंट त्या शिखरांमधून वाट काढतो. मोठ्या मैदानातली गर्दी एका छोट्या फाटकातून बाहेर पडते तसा. या अरुंद वाटेमुळे जो रेझिस्टन्स तयार होतो त्याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात रॅग्नार होम यांनी केला. एकाच गोलाकार स्पर्शबिंदूसाठी, दोन्ही बाजूंना सारखाच धातू असेल तर, त्यांचं सूत्र सोपं आहे:

स्पर्शाचा रेझिस्टन्स = धातूची रेझिस्टिव्हिटी ÷ (२ × स्पर्शबिंदूची त्रिज्या)

आकडे घालून बघू. त्रिज्या १० मायक्रोमीटर धरा. तांब्यासाठी उत्तर येतं ०.८५ मिलिओहम. स्टेनलेस स्टीलची रेझिस्टिव्हिटी तांब्याच्या सुमारे चाळीसपट असते, म्हणून तिथे उत्तर येतं ३५ मिलिओहमच्या आसपास. स्पर्शबिंदू अनेक असले की ते पॅरलल जोडले जातात आणि रेझिस्टन्स कमी होतो. घट्ट आवळलं की बिंदू वाढतात आणि मोठेही होतात. मात्र वर ऑक्साइडचा किंवा सुकलेल्या द्रावणाचा थर असेल तर त्याचा रेझिस्टन्स वेगळा मोजावा लागतो, आणि तो किती असेल हे कोणतंच सूत्र आधी सांगत नाही. चांगल्या कनेक्टरवर सोन्याचा मुलामा देतात तो याच कारणाने. सोन्यावर ऑक्साइड चढत नाही.

तुम्ही म्हणाल, ३५ मिलिओहम म्हणजे किती ते! घरच्या फिटिंगमध्ये याने काय फरक पडतो? बरोबर आहे. पण कुठलाही रेझिस्टन्स लहान की मोठा, हे शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. इथे शेजारी बसलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स असतो ०.१ ते २ ओहम.

वीस मिलिओहमचा हिशेब

कॉइल ०.२ ओहमची आहे आणि सांध्यात ०.०२ ओहम जास्तीचे आहेत असं समजू. बोर्डाला हे दोन वेगळे दिसत नाहीत. त्याला दिसतात एकूण ०.२२ ओहम. तुम्ही ४० वॅट लावलेत. बोर्ड इमानदारीने ४० वॅट देतो. त्यासाठी साधारण १३.५ अँपिअर करंट वाहतो. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं की कॉइलच्या वाट्याला येतात ३६.४ वॅट, आणि सांध्याच्या वाट्याला ३.६ वॅट.

दोन गोष्टी झाल्या. एक, पडद्यावर ४० लिहिलंय आणि कॉइलला त्याहून ९ टक्के कमी मिळालंय. दोन, काही मिलिमीटरच्या पिनमध्ये सतत ३.६ वॅट उष्णता तयार होतेय. त्या उष्णतेने मधली रिंग मऊ होते, स्प्रिंगचा ताण जातो, दाब कमी होतो, स्पर्शबिंदू घटतात, रेझिस्टन्स वाढतो, आणि उष्णता आणखी वाढते. घरातल्या गिझरचा प्लग एका बाजूने काळा पडतो तेव्हा हेच चक्र चाललेलं असतं.

याच सांध्याचं आणखी धोकादायक रूपही आहे. काही साध्या उपकरणांत बोर्ड नसतोच. मधली पिन थेट सेलच्या पॉझिटिव्ह टोकावर टेकते. पिन आट्यांच्या पुढे पुरेशी आलेली नसेल तर निगेटिव्ह असलेले आटे सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला लागतात. म्हणजे डायरेक्ट शॉर्ट. लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स काही दशक मिलिओहमच असतो, त्यामुळे करंट प्रचंड वाढतो आणि सेल पेट घेऊ शकतो. तिथे प्रश्न मोजमापाचा राहत नाही, जीवाचा होतो.

तारच थर्मामीटर झाली तर

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच उपकरणांत तापमान मोजायला वेगळा सेन्सर नसतो. तारेचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, म्हणून रेझिस्टन्सवरूनच तापमान काढतात. निकेलचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.६ टक्के वाढतो. कँथलचा इतका कमी वाढतो की त्याच्यावर ही युक्ती चालतच नाही.

निकेलची कॉइल घेऊ. थंड असताना, म्हणजे २० अंशांना, ०.१० ओहम. २२० अंशांना, म्हणजे २०० अंश वाढीला, तिचा रेझिस्टन्स होईल ०.२२ ओहम. बोर्डाचं काम सोपं: थंड रेझिस्टन्स लक्षात ठेवायचा, आणि त्याच्या २.२ पट झाला की करंट आवरायचा.

आता सांध्यात ०.०१ ओहम जास्तीचे आहेत आणि ते बदलत नाहीत असं धरू. बोर्ड थंड रेझिस्टन्स ०.११ नोंदवतो. त्याच्या २.२ पट म्हणजे ०.२४२ ला तो थांबणार. त्यातले ०.०१ सांध्याचे, म्हणजे कॉइल पोचली ०.२३२ ओहमवर. तिचं खरं तापमान झालं २४० अंश. पडद्यावर २२०.

आणखी वाईट प्रकार बघा. थंड रेझिस्टन्स नोंदवताना सांधा खराब होता, नंतर कुणीतरी कॉइल घट्ट आवळली आणि ते ०.०१ ओहम गायब झाले. बोर्ड अजूनही ०.२४२ चीच वाट बघतोय. कॉइल एकटी ०.२४२ वर जाईपर्यंत तापमान होतं २५७ अंश. पडद्यावर तेच, २२०.

स्टेनलेस स्टीलची तार असेल तर चित्र आणखी बिघडतं, कारण तिचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.१ टक्काच वाढतो. थंड असताना ०.२ ओहम असलेल्या अशा कॉइलमध्ये सांध्याने ०.०१ ओहमची उडी मारली, तर तापमानाच्या वाचनात ५० अंशांची चूक येते. सिग्नल जितका लहान, तितका सांधा मोठा.

यात रसायनशास्त्राचं काय अडलंय?

अडलंय ते असं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन जास्त तापले की त्यांचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी घातक संयुगं तयार होतात. किती होतात हे तापमानावर फार अवलंबून आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं एक छोटं पत्र छापून आलं. उपकरण ३.३ व्होल्टला चालवलं तेव्हा फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. ५ व्होल्टला सापडली. मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला की वात कोरडी पडून तार भलतीच तापली, की मगच अशी पातळी दिसते, आणि तेव्हा चव इतकी करपट होते की माणूस ओढणारच नाही.

त्या वादाचं मूळ सांध्यात होतं असं मी म्हणत नाहीये. वेगळीच गोष्ट दाखवायचीय. ‘५ व्होल्ट’ एवढ्या एका आकड्यावरून कॉइलचं तापमान कळत नाही. कॉइल किती ओहमची, तिच्या दोन टोकांमध्ये प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले, वात किती ओली, हवा किती वेगाने गेली, हे सगळं हवं. हवेच्या बाजूचं प्रमाणीकरण झालेलं आहे: कॉरेस्टा या संस्थेच्या ८१ क्रमांकाच्या पद्धतीत दर ३० सेकंदांना, ३ सेकंदांचा, ५५ मिलिलिटरचा एक झुरका, असं यंत्राने ओढायचं ठरलेलं आहे. पण झुरका मिलिलिटरपर्यंत अचूक आणि वीज मात्र ‘पडद्यावर लिहिलंय तेवढी’, असं झालं तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणार कसे?

पेपर वाचताना हा प्रश्न विचारायची सवय आत्तापासून लावून घ्या: हा आकडा मोजलाय, की लावलाय? लेखकाने नॉबवर ठेवलेली किंमत आणि नमुन्यापर्यंत पोचलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मोजायचं कसं?

साध्या मल्टिमीटरच्या दोन वायर एकमेकींना टेकवा. शून्य यायला हवं. बहुतेक वेळा ०.२, ०.३ असं काहीतरी येतं. ०.२ ओहमची कॉइल या मीटरने मोजणं म्हणजे ट्रकसकट भाजी तोलणं.

उपाय जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन यांनी लहान रेझिस्टन्स मोजण्याची जी वाट दाखवली तिच्यावरच आजची चार-वायर पद्धत उभी आहे. करंट दोन वायरींनी द्यायचा, आणि व्होल्टेज दुसऱ्या दोन वायरींनी, थेट कॉइलच्या पायांपाशी मोजायचं. व्होल्टमीटरचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असेल, तर ३ व्होल्टला त्याच्या वायरींतून ०.३ मायक्रोअँपिअरच जातो. त्या वायरींच्या टोकाला अख्ख्या १ ओहमचा खराब सांधा असला तरी चूक येते ०.३ मायक्रोव्होल्ट. म्हणजे सांधा खराब आहेच, पण आता तो मोजमापात लुडबुड करू शकत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. रेझिस्टन्स अगदी कमी करंटला मोजला तर पातळ थर तसाच राहतो, आणि जास्त करंटला तोच थर फुटून वाट मोकळी होऊ शकते. म्हणून प्रत्यक्ष वापरात जितका करंट आहे त्याच्या जवळपास मोजा. दुसरं म्हणजे, काही बोर्ड सलग डीसी देत नाहीत, झपाझप चालू-बंद करतात. अर्धा वेळ ४ व्होल्ट आणि अर्धा वेळ शून्य असेल तर डीसी मीटर सरासरी २ व्होल्ट दाखवेल. ०.५ ओहमच्या कॉइलसाठी त्यावरून ८ वॅट येतात. खरी पॉवर आहे १६ वॅट.

‘ग्राउंड’ म्हणजे नेमकं काय?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. घरात आपण ‘अर्थिंग’ म्हणतो ते खरोखर जमिनीत गाडलेल्या पट्टीपर्यंत जातं. सर्किटमधलं ‘ग्राउंड’ म्हणजे आपण शून्य मानलेली एक जागा, आणि करंटची परतीची वाट. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचा जमिनीशी काहीच संबंध नसतो. संबंध आपण जोडतो, मोजायला बसल्यावर.

समजा कॉइलचं तापमान बघायला तुम्ही तिला उघडा थर्मोकपल टेकवला. के-टाइप थर्मोकपल दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. लॉगरचं निगेटिव्ह तुम्ही उपकरणाच्या बॉडीला जोडलंय, आणि थर्मोकपलच्या टोकापासून त्या जागेपर्यंतच्या परतीच्या वाटेत फक्त १ मिलिओहम आहे. करंट १० अँपिअर. त्या वाटेवर १० मिलिव्होल्ट पडले, आणि तेवढेच थर्मोकपलच्या सिग्नलमध्ये मिसळले. तापमानाच्या भाषेत ते झाले जवळजवळ २४० अंश! करंट बंद केला की चूक गायब, म्हणून थंड असताना तपासलं तर सगळं ठीक दिसतं.

ऑसिलोस्कोपचंही तसंच. त्याच्या प्रोबची काळी क्लिप आतून मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. काही बोर्डांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, म्हणजे कॉइलचं ‘निगेटिव्ह’ टोक आणि सेलचं निगेटिव्ह टोक एक नसतात. उपकरण फक्त सेलवर असेल तर तिथे क्लिप लावून काही होत नाही. पण तेच उपकरण यूएसबीने अर्थ असलेल्या कॉम्प्युटरला जोडलेलं असेल, तर अर्थमधून वाट पूर्ण होते, स्विचला वळसा पडतो आणि बटण न दाबता कॉइल पेटते.

म्हणून नियम: सगळ्या परतीच्या वाटा एकाच बिंदूपाशी आणा. जास्त करंटची वाट आणि नाजूक सिग्नलची वाट वेगळी ठेवा. जमलं तर आयसोलेटेड इनपुट असलेला लॉगर वापरा, नाहीतर निदान लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आकडा बदलला तर चोर सापडला.

आणि माझं काय झालं

माझं काम वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर आहे. त्यात १० ओहमची प्लॅटिनमची तार हीटर म्हणूनही वापरते आणि थर्मामीटर म्हणूनही. दुसऱ्या वर्षी माझा सेन्सर दर आठवड्याला सुधारत होता. प्रतिसाद वाढत होता, आलेख सुंदर चढत होता. मी त्याला कारणही शोधून ठेवलं होतं, एका परिषदेला सारांशही पाठवला होता.

एके दिवशी लॅबमधले काका टेबल पुसत होते. म्हणाले, “अगं, ही क्लिप हलतेय बघ.” त्यांनी ती नुसती दाबली आणि पडद्यावरचा आकडा खाली उडाला. १.२ ओहम. प्लॅटिनमसाठी त्याचा अर्थ ३१ अंश.

म्हणजे अकरा आठवडे क्लिप हळूहळू खराब होत होती. थंड रेझिस्टन्स मी सुरुवातीला एकदाच नोंदवला होता. एकूण रेझिस्टन्स कंट्रोलर पक्का धरून ठेवत होता, सांध्याचा वाटा वाढत होता, म्हणून तार गार होत होती. आणि मी निवडलेलं तापमान मुळात जरा जास्तच होतं, त्यामुळे गार होताना प्रतिसाद वाढत होता. सेन्सर सुधारला नव्हता. क्लिप बिघडत होती.

मॅडमना सांगायला जाताना पाय उचलत नव्हते. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “सांध्याचा रेझिस्टन्स किती होता, कुठे लिहिलायस का?” नव्हता लिहिला. त्याच संध्याकाळी सारांश मागे घेतला. अकरा आठवड्यांची वही अजून माझ्याकडे आहे, त्यातलं एकही पान प्रबंधात वापरता येणार नाही.

तुमच्या वहीत हे पहिल्या दिवसापासून असू द्या:

- जोडण्यांचं चित्र. कुठली वायर कुठून कुठे, अर्थ कुठे, शून्य कुठे मानलंय.
- नमुन्याच्या जागी जाड तांब्याचा तुकडा लावून आलेला रेझिस्टन्स, तारखेसह. हा तुमच्या सांध्यांचा हिशेब.
- रोज सुरू करण्याआधी थंड रेझिस्टन्स आणि त्या वेळचं खोलीचं तापमान.
- वायर हलवून बघण्याची चाचणी. प्रत्येक सांधा बोटाने हलवा, आकडा उडतो का बघा.
- दिवसाच्या शेवटी पुन्हा तेच थंड वाचन. सकाळचं आणि संध्याकाळचं जुळलं नाही तर त्या दिवसाच्या आकड्यांवर फुली.

याला रोज दहा मिनिटं लागतात. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला, तर त्या दिवशी वीस मिनिटं द्या. वाईट निकाल आला की आपण जोडण्या तपासतोच. चांगला आला की कुणी तपासत नाही, आणि माझे अकरा आठवडे तिथेच गेले.